जेसीबी बंद पडला की आधी काय बघायचं? नवीन ऑपरेटर आणि नवीन मालकांसाठी

मे महिना, बीड जिल्ह्यातला एक पाझर तलाव, गाळ काढायचं काम जोरात चालू, सहा ट्रॅक्टर लाईनीत उभे आणि आमचं मशीन दर पाऊण तासाने बंद पडतंय. डिझेल फिल्टर बदलला, एअर काढली, चालू झालं, परत पाऊण तासाने बंद. मेकॅनिक साठ किलोमीटरवर, तो म्हणला फीड पंप गेला असेल, उद्या येतो. संध्याकाळी डिझेल टाकायला मी टाकीचं झाकण फिरवलं आणि आतून 'सुस्स' करून हवा आत ओढल्याचा आवाज आला. तिथंच डोक्यात उजेड पडला. झाकणाला हवा आत जायला जे बारीक भोक असतं ते गाळाने बुजलं होतं, डिझेल खर्च होईल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि शेवटी पंपाला डिझेल ओढता यायचं नाही. थोडा वेळ थांबलं की हवा कुठूनतरी झिरपायची आणि परत चालू. काडीने भोक साफ केलं, डिझेलने झाकण धुतलं, त्यानंतर पूर्ण सीझन ते मशीन त्या कारणाने बंद पडलं नाही.

हे आधी सांगितलं कारण नवीन माणूस बंद पडलेल्या मशीनवर पहिल्यांदा पाना घेऊन चढतो. पाना नंतर. आधी डोळे, कान, हात आणि दोन प्रश्न: काय बंद आहे, आणि बंद पडायच्या आधी काय बदललं होतं. मी १४ वर्षं बॅकहो चालवतोय, आपल्याकडे पिवळं काही दिसलं की जेसीबीच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो, पण खालचं सगळं कुठल्याही कंपनीच्या बॅकहोला लागू होतं आणि बरंचसं पोकलेनलाही. आकडे मात्र शेवटी तुमच्या मशीनच्या पुस्तकातलेच धरायचे, ते पुस्तक केबिनमध्ये सीटमागे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

मशीनला हात लावायच्या आधी

सपाट जागेवर घ्या. पुढची बकेट आणि मागची बकेट दोन्ही जमिनीला टेकवा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, आणि मग बंद इंजिनवर सगळे लिव्हर दोन-तीनदा इकडेतिकडे हलवा म्हणजे पाईपात अडकलेलं प्रेशर उतरतं. चावी काढून खिशात. चावी खिशात यासाठी की तुम्ही खाली असताना हेल्पर किंवा शेतकऱ्याचा पोरगा 'बघू चालू होतंय का' म्हणून चावी फिरवतो, हे मी डोळ्याने बघितलंय.

लोडर वर उचलून खाली काम करायचं असेल तर त्याचा सेफ्टी स्ट्रट (लोडर खाली येऊ नये म्हणून लावायचा लोखंडी आधार) लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. लाकडाचा ओंडका लावून भागवायचं नाही. तेलाच्या भरवशावर उभं असलेलं लोखंड एक सील गेलं तरी खाली येतं.

सेल्फच मारत नाही

चावी फिरवली आणि काहीच नाही, किंवा नुसतं 'टक'. आधी बघा गिअरचा फॉरवर्ड-रिव्हर्स लिव्हर न्यूट्रलमध्ये आहे का, कारण तो न्यूट्रलमध्ये नसेल तर सेल्फला करंटच जात नाही, नव्या पोरांचे यावरून निम्मे फोन येतात आणि त्यात त्यांची चूक नाही, कोणी सांगितलेलंच नसतं. बॅटरीचा मेन स्विच असेल तर तो चालू आहे का तेही बघा.

मग हेडलाईट लावा आणि चावी फिरवा. लाईट एकदम मिणमिणली तर बॅटरी डाऊन किंवा टर्मिनल ढिलं. लाईट तशीच लख्ख राहिली आणि सेल्फ गप्प, तर रिले, फ्यूज, वायर किंवा सेल्फचा सोलेनॉईड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघायला लागेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाणी टाकून ब्रशने साफ करा, घट्ट करा, वरून थोडं ग्रीस. बॅटरीपासून चासीला येणारी अर्थिंगची पट्टी लोक विसरतात, धूळ-गंज बसून तिथंच करंट अडतो.

दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मल्टीमीटर घेऊन ठेवाच. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला पाहिजे, तेवढं येत नसेल तर बॅटरी नवी घेऊन उपयोग नाही, दोष अल्टरनेटरकडे किंवा बेल्टकडे आहे.

आणि सेल्फ सलग दाबून धरू नका. दहा-पंधरा सेकंद मारा, मिनिटभर थांबा. तीन-चार वेळात नाही घेतलं तर आता ते घेणार नाही, कारण शोधायचं.

सेल्फ मारतो पण इंजिन धरत नाही

इथं शंभरातल्या बहुतेक वेळा डिझेल किंवा हवा. काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीत काडी घालून डिझेल बघा. मशीन उतारावर उभं असेल तर कमी डिझेल एका बाजूला सरकतं आणि पाईप कोरडा पडतो. मग झाकणाचं भोक, ज्याची गोष्ट वर सांगितली: झाकण सैल करून मशीन चालवून बघा, बंद पडायचं थांबलं तर उत्तर मिळालं.

त्यानंतर वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीसारखं असतं, खाली स्क्रू. खाली भांडं धरून उघडा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि पहिल्यांदा बाहेर येतं, वेगळं थेंबाथेंबाने दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. साईटवर कॅनने डिझेल टाकतो आपण, कॅन उन्हातान्हात, पावसात, उघडं, त्यातनं पाणी आणि माती येणारच. बॅरलमधलं डिझेल घ्यायच्या आधी हलवायचं नाही, तळाचा चार बोटं भाग सोडून द्यायचा आणि नरसाळ्याला बारीक जाळी. शक्यतो संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आत पाणी सुटतं.

फिल्टर बदलला किंवा डिझेल संपून बंद पडलं की लाईनीत हवा धरते, ती काढायची. जुन्या साध्या पंपाच्या इंजिनला फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) थोडा ढिला करा, हाताचा प्रायमर पंप मारत राहा, आधी फेस येईल, फेस थांबून सलग डिझेल आलं की मारता मारताच स्क्रू आवळा. मग प्रायमर कडक होईपर्यंत मारा आणि सेल्फ द्या. रोज हवा धरत असेल तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाईप बघा, क्लिप ढिली किंवा पाईपला चीर, तिथनं डिझेल गळत नाही पण हवा आत ओढली जाते, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही आणि माणूस वेडा होतो.

एक गोष्ट गंभीरपणे. साधारण २०२१ नंतरची बहुतेक नवीन इंजिनं कॉमन रेलची आहेत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून भारी प्रेशरने डिझेल जातं. त्यात इंजेक्टरच्या पाईपात हजार बारच्या वर प्रेशर असतं. जुन्या सवयीने इंजिन चालू असताना इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढायला जाऊ नका. ती धार कातडी फोडून आत जाते. अशा मशीनला फक्त फिल्टरपर्यंतची हवा काढायची, पुढचं काम कंपनीच्या माणसाचं, आणि डॅशबोर्डवर एरर कोड आला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवायचा.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त. एअर फिल्टर काढा, बाहेरचा झटका, आतून बाहेर हलक्या हवेने मारा. आतला छोटा सेफ्टी फिल्टर धुवायचा नाही, हवा मारायची नाही, तो फक्त बदलायचा. आणि दर दोन तासांनी एअर फिल्टर उघडत बसू नका, उघडताना जेवढी धूळ आत पडते तेवढी महिनाभर चालवून जात नाही, इंडिकेटर लाल झाला तरच उघडा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय, रिंग किंवा टर्बो. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा आला तर चालतो, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि मशीन ओढत बसू नका.

मशीन तापतंय

आपल्याकडे ४२-४४ डिग्रीत काम चालतं तेव्हा हा रोजचा विषय. दहात आठ वेळा कारण रेडिएटरच्या जाळीत असतं. उसाच्या फडाजवळ काम केलं की पाचट, माळावर कुसळं, वीटभट्टीवर राख. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, पण रेडिएटरच्या पुढे ऑईल कूलर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत गादीसारखा थर बसलेला असतो. मी एकदा बोट घालून ओढलं तर वीतभर लांब, पोळीसारखी धुळीची चादर सुटून हातात आली, तेलाने चिकट झालेली. तेवढीच काढली आणि काटा मधोमध येऊन थांबला.

साफ करताना हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने बाहेर मारा, म्हणजे कचरा आला तसा परत जातो. गाडी धुवायचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पाकळ्या झोपतात आणि मग हवा कधीच जात नाही, म्हणून लांबून, हळू. ऑईलने चिकटलेली धूळ असेल तर आधी ऑईल कुठनं गळतंय ते शोधा.

पुढं बेल्ट. इंजिन बंद असताना अंगठ्याने दाबा, साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे. गुळगुळीत, चकाकणारा, चिरलेला बेल्ट बदला, तोच घट्ट करत बसू नका. मग कूलंट. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. त्या झाकणामुळे आतलं पाणी प्रेशरखाली शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडलं की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्या, तोपर्यंत जेवून घ्या. आणि बोअरचं पाणी टाकू नका. आपल्या भागातलं बोअर म्हणजे क्षार, चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तसा आत बसतो, मग रेडिएटर आतून चोक. तयार कूलंटचा पाच लिटरचा कॅन मशीनवर असू द्या.

काटा लाल कडे चालला पण पाणी आहे, पाईप शाबूत आहेत, तर एकदम चावी बंद करू नका. काम थांबवा, रेस कमी, मशीन मोकळं चालू द्या, पंखा गार करेल. पण बेल्ट तुटला, पाईप फुटून पाणी गेलं किंवा ऑईल प्रेशरची लाईट लागली तर त्याच सेकंदाला बंद.

अजून एक, लोडरने ढिगात घुसून चाक न फिरता नुसती रेस देत उभं राहणं. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरला देणारा भाग) ऑईल भयंकर तापतं. ढीग हलत नाही तर आधी मागच्या बकेटने तो मोकळा करा.

हायड्रॉलिक: सगळं ढिलं की एकच ढिलं?

हायड्रॉलिकमध्ये हा एकच प्रश्न निम्मं काम करतो. बूम, डिपर (बूम आणि मागच्या बकेटमधला हात), बकेट, लोडर, मागचे जॅक, सगळं एकेक करून हलवा. सगळंच हळू असेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक जागेत: ऑईल कमी, सक्शनची जाळी चोक, पंप झिजलेला किंवा मेन रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर मर्यादेबाहेर जाऊ न देणारा). एकच हळू असेल तर पंपाला हात लावायचा नाही, दोष त्या एका सिलेंडरात, त्याच्या पाईपात किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या त्याच्या कप्प्यात. हे न बघता एका ओळखीच्या मालकाने नवा पंप टाकला आणि दोष निघाला फक्त डिपरच्या सीलमध्ये, पंपाचे पैसे गेले ते गेलेच, वर आठ दिवस काम बंद.

सगळं ढिलं असेल तर: पातळी बघा, पुस्तकात सांगितलंय त्या पोझिशनला मशीन ठेवून, कारण सिलेंडर बाहेर काढलेले असताना टाकीतलं ऑईल कमीच दिसणार. मग रंग बघा. वर फेस म्हणजे हवा आत येतेय, बहुतेक सक्शन पाईपची क्लिप ढिली. दुधासारखं म्हणजे पाणी गेलंय, ते ऑईल बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. काळं आणि जळका वास म्हणजे खूप तापून मेलेलं ऑईल. चमचम करणारे कण दिसले तर मशीन चालवू नका, कुठलंतरी लोखंड झिजून फिरतंय आणि ते सगळ्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसेल.

सकाळी गार असताना मशीन झक्कास आणि दुपारी तीनला लोळतंय, ही तक्रार फार येते. ऑईल तापून पातळ झालं की झिजलेल्या पंपातनं आतल्या आत परत जातं. पण पंपावर जायच्या आधी ऑईल कूलर साफ आहे का आणि मागच्या वेळी कोणत्या ग्रेडचं ऑईल टाकलं ते बघा. स्वस्त मिळालं म्हणून भलतंच ऑईल टाकलं की हेच होतं.

फिटर आला की मालक सांगतो 'प्रेशर वाढवून दे'. नका सांगू. गेज न लावता रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळला की दोन दिवस मशीन जोरात वाटतं, मग एकामागून एक पाईप फुटतात, सिलेंडरची सीलं जातात, कधी बूमला तडा जातो. प्रेशर गेज लावूनच बघायचं आणि पुस्तकातल्या आकड्यावरच ठेवायचं.

उचललेलं बूम आपोआप उतरतंय, तर सिलेंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह. रॉडवरून बाहेर ऑईल गळत असेल तर बाहेरचं सील. बाहेर कोरडं पण तरी उतरतंय तर आतलं पिस्टन सील किंवा व्हॉल्व्हचा स्पूल (व्हॉल्व्हमधली सरकणारी दांडी). नवीन सील किट टाकायच्या आधी रॉडवर बोट फिरवून बघा, दगडाचा ओरखडा असेल तर नवीन सील तो आठवड्यात फाडतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ब्रेकर मारताना उडालेले तुकडे रॉडवरच बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाईपातनं बारीक धुकं उडताना दिसलं तर कुठनं येतंय ते हाताने चाचपायचं नाही. काम चालू असताना लाईनीत दोनशे बारच्या वर प्रेशर असतं, सुईच्या टोकाएवढ्या भोकातनं येणारं तेल हातमोज्यासकट बोटात घुसतं. पुठ्ठा फिरवून बघा, ओला डाग पडला की जागा सापडली. आणि दुर्दैवाने कोणाच्या हातात गेलंच तर जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, फार दुखतही नाही, माणूस म्हणतो काही झालं नाही. तसं नसतं. आत तेल पसरत जातं आणि काही तासांत बोट, हात गमवायची वेळ येते. ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हाय प्रेशरने हायड्रॉलिक ऑईल आत गेलंय. हळद लावून, पट्टी बांधून दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तुमच्या हेल्परला हे आजच सांगा, कारण हात तोच घालतो.

गिअर टाकला तरी मशीन जात नाही

हँडब्रेक पूर्ण सुटलाय का. ट्रान्समिशन तोडायचं बटण, जे लोडरच्या लिव्हरवर किंवा गिअर लिव्हरवर असतं, ते अडकून दबलेलं राहिलंय का. मग ट्रान्समिशन ऑईल, आणि हे बऱ्याच मशीनला इंजिन सावकाश चालू ठेवून बघतात, इंजिन ऑईलसारखं बंद करून नाही (तुमच्या मशीनचं पुस्तकात बघा), नाहीतर पातळी जास्त दिसते आणि ऑईल कमी असूनही कळत नाही.

ब्रेकचं पण इथंच सांगतो. बॅकहोला डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन वेगळे पेडल असतात, शेतात वळायला सोयीचं म्हणून. रोडवर निघताना दोन्हींची खिटी जोडायचीच. न जोडता स्पीडमध्ये एका पायाने ब्रेक दाबला की मशीन एका बाजूला फेकलं जातं.

पिन-बुश

नव्या मालकाला हा खर्च दिसत नाही कारण मशीन बंद पडत नाही. पण बकेट जमिनीला टेकवून बूम हळू हलवलं आणि 'टक टक' आवाज आला, तर पिन आणि बुशमध्ये जागा पडलीय. दर दहा तासांनी म्हणजे रोज ग्रीस मारायचं, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. निप्पल बुजलं तर ग्रीस आत न जाता बाजूने गळतं आणि पोरगा म्हणतो 'मारलं'. निप्पल पंधरा-वीस रुपयांचं आहे, बदला. पाण्यात, गाळात काम केलं की दुपारी पण एकदा मारा. बूम जिथं डावी-उजवीकडे वळतं त्या मधल्या मोठ्या पिनांना विसरू नका, तिथं झिजलं की लेथवर बोअरिंग करायला लागतं आणि मशीन कितीतरी दिवस शेडमध्ये.

मेकॅनिकला फोन करताना

'मशीन बंद पडलं, या' एवढंच सांगितलं तर तो हात हलवत येतो, बघतो, सामान आणायला परत जातो, दिवस गेला. फोनवर हे सांगा: मॉडेल आणि वर्ष, अवर मीटरचे तास, गार असताना होतं का गरम झाल्यावर, अचानक झालं का हळूहळू वाढलं, एकच फंक्शन का सगळी, धुराचा रंग, ऑईल-कूलंट-डिझेल बघितलं का, आणि शेवटच्या दहा दिवसांत मशीनवर कोणतं काम झालं. हे शेवटचं लपवू नका. कोणी फिल्टर बदलला, वायर जोडली, वेल्डिंग मारलं, सगळं सांगा, बऱ्याचदा दोष तिथंच असतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली नव्हती हेही सांगा, त्यात सेन्सर आणि अल्टरनेटर जातात.

व्हिडिओ पाठवताना आधी डॅशबोर्डच्या लाईटा आणि अवर मीटर दाखवा, मग दोष दाखवा, आणि व्हिडिओ चालू असताना कोणी बोलू नका, मेकॅनिकला आवाज ऐकायचा असतो.

मशीनवर एका पेटीत एवढं ठेवा: डिझेल फिल्टरचे दोन नग, फॅन बेल्ट, फ्यूज, दोन-चार ओ-रिंग, पाईप क्लिपा, ग्रीस निप्पल, मल्टीमीटर, टॉर्च, पुठ्ठा, आणि एक वही. वहीत तारीख, तास, काय केलं. माझ्या वहीत त्या पाझर तलावाच्या पानावर एकच ओळ आहे: 'टाकीचं झाकण, भोक बुजलं, साफ केलं', आणि त्यापुढे दर सोमवारी झाकण बघितल्याची खूण.